आयसीपी २४, तीनदा

मॉनिटरवर आयसीपी, म्हणजे कवटीच्या आतला दाब, २४ दिसला की बेडशेजारी साधारण दोन गोष्टी होतात, कोणीतरी मेंदूतलं पाणी ओढणाऱ्या मॅनिटॉलची बाटली आणायला पळतं आणि कोणीतरी व्हेंटिलेटरचा रेट, म्हणजे श्वासांचा वेग, वाढवतं, आणि हा २४ आला कुठून हे विचारायला नंतर वेळ मिळाला तर मिळाला. खालची केस त्या प्रश्नावरच आहे. एकाच माणसाला चार दिवसांत तीनदा तोच २४, तिन्ही वेळा कारण वेगळं, आणि एका वेळचा उपाय दुसऱ्या वेळी वापरला असता तर सरळ नुकसान. आधीच सांगून ठेवतो, ही केस कुठल्या एका पेशंटची नाहीये, अशा पेशंटमध्ये जे जे घडतं ते शिकवण्यासाठी एकत्र गुंफून रचलीये, आकडे मात्र आयसीयूत दिसतात तसलेच ठेवलेत.

पेशंट पस्तिशीचा, वजन ७० किलो, बाइकवरून पडला, हेल्मेट नव्हतं. आला तेव्हा हाक मारली की डोळे उघडत होता, काहीतरी असंबद्ध शब्द बोलत होता, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर, पूर्ण जाग्या माणसाचा १५) ११. तासाभरात तोच ७ वर आला. बीपी १५८/९२, पल्स ५८. दोन्ही प्यूपिल (डोळ्यांच्या बाहुल्या) ३ मिलिमीटर, टॉर्चला आकसतायत. कॅज्युअल्टीत इथे पहिला मोह होतो तो म्हणजे बीपी जास्त आहे तर उतरवूया, बीपी उतरवणारं लॅबेटॅलॉल तयारच असतं. पण डोक्याला मार, शुद्ध उतरतेय, बीपी चढतंय आणि पल्स हळू होतेय, हे एकत्र दिसलं की ते बीपी आजार नसून शरीराची धडपड असते. हार्वी कुशिंगने १९०१ च्या सुमारास हे प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं, कवटीतला दाब वाढवला की रक्तदाब त्याच्या वर चढत जातो कारण तसं झालं नाही तर मेंदूच्या देठाला रक्तच पोचणार नाही. ते बीपी औषधाने खाली आणणं म्हणजे त्याचा शेवटचा आधार काढून घेणं. या वयाच्या पेशंटला वरचं बीपी ११० च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं गाइडलाइन सांगते, आणि मार लागलेल्या मेंदूला लो बीपीचा एखादा छोटा एपिसोडसुद्धा महागात पडतो.

त्याला इंट्युबेट केलं, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घातली, सीटी केला. उजव्या बाजूला फ्रंटल आणि टेम्पोरल भागात कंट्युजन (मेंदू ठेचला जाऊन झालेला रक्तस्राव), त्यावर ६ मिलिमीटर जाडीचा सबड्युरल (मेंदूवर साचलेल्या रक्ताचा थर), मिडलाइन शिफ्ट (मेंदूची मधली रेषा सरकणं) ४ मिलिमीटर. बेसल सिस्टर्न (मेंदूच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या जागा) दाबलेल्या पण अजून दिसतायत. सबड्युरल १० पेक्षा जाड किंवा शिफ्ट ५ पेक्षा जास्त असेल तर लगेच ऑपरेशन, हा त्याच्या अलीकडे होता, म्हणून न्यूरोसर्जनने मेंदूत प्रेशर मोजणारा बोल्ट बसवला आणि पेशंट आयसीयूत आला. व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत, ड्रेन टाकता आला असता तर जास्त चांगलं, कारण त्यातून प्रेशर मोजता पण येतं आणि पाणी काढता पण येतं, पण याची व्हेंट्रिकल्स दाबून चिरेसारखी झाली होती, तिथे सुई नेमकी पोचवणं अवघड.

आता पुढचं कळायला दोन-तीन गोष्टी डोक्यात हव्यात. मोठ्या माणसाची कवटी कडक, आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त, १० टक्के सीएसएफ म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी. एकाची जागा वाढली की दुसऱ्या कोणाला तरी बाहेर जावं लागतं, हे अलेक्झांडर मन्रोने १७८३ मध्ये मांडलं आणि जॉर्ज केलीने १८२४ मध्ये पुढे नेलं, म्हणून मन्रो-केली डॉक्ट्रिन. आधी पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं, आणि तोवर आयसीपी जवळजवळ हलत नाही. नॉर्मल ५ ते १५ मिलिमीटर मर्क्युरी (पुढे नुसता आकडा लिहितो). ही सरकासरकी संपली की मग मात्र पुढचे चार-पाच मिलिलिटरसुद्धा आकडा झपकन वर नेतात. म्हणजे आयसीपी २० आणि २४ मधला फरक दिसायला चारचा, पण तो माणूस त्या वळणाच्या कुठल्या बाजूला आहे हे त्या चारमधून कळत नाही.

दुसरी गोष्ट मेंदूला ढकलणाऱ्या दाबाची. सरासरी रक्तदाब, ज्याला सगळे मॅप म्हणतात, त्यातून आयसीपी वजा केला की सीपीपी, आणि तो ६० ते ७० मध्ये ठेवायचा. हा दाब आहे, प्रवाह नाही. प्रवाह म्हणजे दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त. तो २० च्या खाली गेला की पेशी काम बंद करतात, १० च्या आसपास मरायला लागतात. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव २० टक्के ऑक्सिजन खातो आणि साठवण जवळजवळ शून्य, त्यामुळे उधारी चालत नाही. आणि बेडशेजारी आपल्याला प्रवाह दिसतच नाही, दिसतो तो आयसीपी, म्हणून सगळी मेहनत जे दिसतंय ते सुंदर करण्यात जाते.

पहिली रात्र. बोल्ट जोडला, झिरो केला (शून्यावर जुळवला), आयसीपी २४. २२ च्या वर गेला तर उपचार करा असं २०१६ पासूनची गाइडलाइन सांगते, म्हणून रेसिडेंटने व्हेंटिलेटरचा रेट १४ वरून २४ केला. दहा मिनिटांत आयसीपी १४, सगळे खूश, फाइलमध्ये "आयसीपी कंट्रोल्ड" अशी नोंद. एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) आला तर सीओटू ३८ वरून २७.

इथे काय झालं ते बघा. सीओटू कमी झाला की मेंदूच्या बारीक धमन्या आवळतात, सीओटूच्या दर एका मिलिमीटरला प्रवाह साधारण ३ टक्क्यांनी बदलतो. ३८ वरून २७ म्हणजे ११, म्हणजे प्रवाह अंदाजे एक तृतीयांशाने कमी. आयसीपी उतरला कारण कवटीतलं रक्त कमी झालं, आणि ते रक्त कमी झालं कारण येणाऱ्या नळ्या आवळल्या. मार लागल्यानंतरचा पहिला दिवस असा असतो की मेंदूचा प्रवाह आधीच उतरलेला असतो, कंट्युजनच्या आजूबाजूला तर काठावरच असतो, आणि नेमकं तेव्हा आपण अजून आवळतो. सीपीपीचा आकडा उलट छान दिसतो, मॅप तोच आणि आयसीपी कमी, वजाबाकी मस्त. वजाबाकी मस्त आणि रक्त कमी, दोन्ही एकाच वेळी खरं. म्हणूनच पहिल्या २४ तासांत हायपरव्हेंटिलेशन (श्वास जलद करून सीओटू उतरवणं) टाळा असं सांगितलेलं आहे.

मग तो २४ होता कशाचा? मान बघितली. अँब्युलन्समधली कॉलर तशीच घट्ट, ट्यूब बांधलेली पट्टी मानेभोवती करकचून, डोकं उजवीकडे वळलेलं आणि पेशंट पूर्ण आडवा कारण मणक्याचा सीटी रिपोर्ट यायचा होता. मेंदूतलं बहुतेक रक्त मानेतल्या जुग्युलर शिरांतून उतरतं, त्या दाबल्या गेल्या की आत रक्त तुंबतं. कॉलर सैल करून बाजूने आधार दिला, पट्टी कापून नवीन सैल बांधली, डोकं सरळ केलं, मणका न वाकवता पूर्ण बेडच डोक्याकडून वर तिरका केला. आणि रेट हळूहळू खाली, तासाभरात सीओटू ३६. एकदम खाली आणायचा नसतो, बराच वेळ आवळलेल्या धमन्यांनी सीएसएफमधल्या बायकार्बोनेटशी जुळवून घेतलेलं असतं, अचानक सीओटू नॉर्मल केला की त्या गरजेपेक्षा जास्त पसरतात आणि आयसीपी उसळतो. याचा वेळ थोडाच गेला होता म्हणून तसं झालं नाही. सीओटू ३६ वर आयसीपी १७. मान सरळ करायला औषध लागत नाही, बहुधा म्हणूनच ती शेवटी आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मणका क्लिअर झाला, म्हणजे त्याला इजा नाही हे कळलं, बेडचं डोकं ३० अंश वर केलं. नातेवाइकांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचा फोन आला, सूज आहे तर डेक्सा, म्हणजे स्टेरॉइड, का देत नाही. ट्यूमरभोवतीच्या सुजेला स्टेरॉइड उत्तम चालतं हे खरं, पण मार लागलेल्या मेंदूवर क्रॅश ट्रायल झाली होती, १०,००८ पेशंट, २००४ मध्ये रिझल्ट आला, दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाल्यांमध्ये २१.१ टक्के मृत्यू आणि प्लासिबोमध्ये १७.९. विषय संपला, तरी तो फोन येतोच.

आता ज्यासाठी ही केस लिहायला घेतली ती दुसरी संध्याकाळ. सकाळी ११ ला सक्शन करताना आयसीपी २७ झाला आणि उतरेना, म्हणून मॅनिटॉल दिलं, किलोला अर्धा ग्रॅम म्हणजे ३५ ग्रॅम, २० टक्क्यांच्या बाटलीतलं १७५ मिली. आयसीपी १६. दुपारी ३ ला परत २६, परत तेवढंच, परत १७. दोन्ही वेळा काम केलं, तक्रार नाही. पण मॅनिटॉल लघवीतून पाणी ओढून नेतं आणि ११ ते ७ मध्ये युरिन आउटपुट २३०० मिली झालं, आत गेलं ते सगळं मिळून ७०० च्या आत. चार्टवर दोन्ही आकडे दोन वेगळ्या कॉलममध्ये नीट लिहिलेले होते, सिस्टरने दर तासाला लिहिले होते, फक्त त्यांची वजाबाकी कोणी केली नव्हती. पल्स ७८ वरून ११२. ती दुखण्याची असेल, सेडेशन कमी पडत असेल असा अर्थ लावला गेला.

साडेसातला आयसीपी २४, मॅप ८०, मॉनिटर सांगतोय सीपीपी ५६. थोडा कमी, पण भयंकर नाही, असंच कोणालाही वाटेल. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि माझ्या मते न्यूरो आयसीयूत सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होतं. धमनीच्या बीपीचा ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीला लावलेला होता, नेहमी असतो तसा, आणि डोकं ३० अंश वर. हृदयापासून कानापर्यंतचं अंतर २५-३० सेंटीमीटर धरा, ३० अंशाला उभी उंची त्याच्या निम्मी, म्हणजे १३ ते १५ सेंटीमीटर, म्हणजे पाऱ्याचे १० ते ११ मिलिमीटर. हृदयाजवळ ८० असलेलं मॅप कानाशी ६९ असतं. आयसीपी मात्र कानाच्या पातळीचाच असतो. म्हणजे खरा सीपीपी ५६ नाही, ४५. सीपीपी मोजायचा असेल तर धमनीचा ट्रान्सड्यूसरसुद्धा कानाच्या ट्रॅगसपाशी (कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्यापाशी) झिरो करा असं ब्रिटनमधल्या न्यूरोसर्जन आणि न्यूरोअ‍ॅनस्थेटिस्टच्या संघटनांनी एकत्र येऊन सांगितलेलं आहे, आणि तसं करत नसाल तर निदान करत नाही हे तरी चार्टवर लिहा, कारण दोन ठिकाणच्या ६० मध्ये ११ चा फरक पडतो आणि मग ट्रायलमधला ६० कुठला, तुमचा ६० कुठला.

रात्रीच्या रेसिडेंटचा प्लॅन होता प्रोपोफॉल या झोपेच्या औषधाचा बोलस (एकदम दिलेला डोस) आणि तिसरं मॅनिटॉल. प्रोपोफॉल गेलं. मॅप ७१. आणि आयसीपी उतरायच्या ऐवजी तीन मिनिटांत २४ वरून ४१, आणि तिथेच सपाट होऊन बसला, वरचा भाग टेबलासारखा. उजवा प्यूपिल ५ मिलिमीटर, टॉर्चला आळसावलेला. खरा सीपीपी काढा, ७१ मधून ११ गेले ६०, त्यातून ४१ गेले, १९.

सेडेशन दिल्यावर आयसीपी वाढला हे ऐकायला विचित्र वाटतं, पण धमन्यांच्या बाजूने विचार केला की अगदी सरळ आहे. मेंदूच्या बारीक धमन्या दाब कमी झाला की पसरतात आणि जास्त झाला की आवळतात, म्हणजे दाब बदलला तरी प्रवाह तोच राहावा, याला ऑटोरेग्युलेशन म्हणतात. पुस्तकात मॅप ५० ते १५० अशी रेंज असते, ती लासेनच्या १९५९ च्या आलेखावरून आलेली, सरासरी आहे आणि मार न लागलेल्या मेंदूची आहे. आता याच्यात पाणी कमी झालं, मॅप हळूहळू उतरलं, धमन्या पसरल्या. पसरल्या म्हणजे कवटीत रक्त वाढलं. जागा शिल्लक असती तर काही बिघडलं नसतं, इथे जागा संपलेली होती, म्हणून आयसीपी वाढला. आयसीपी वाढला की सीपीपी अजून घटला, की धमन्या अजून पसरल्या, की रक्त अजून वाढलं, की आयसीपी अजून वर. हे चक्र धमन्या पूर्ण पसरेपर्यंत थांबत नाही. रोझनरने १९८० च्या दशकात ते नीट मांडलं, आणि सपाट माथ्याच्या त्या लाटा त्याआधीच, १९६० मध्ये, नील्स लुंडबर्गने व्हेंट्रिकलमधलं प्रेशर तासन्‌तास नोंदवून दाखवल्या होत्या, ५० ते १०० पर्यंत चढणाऱ्या आणि ५ ते २० मिनिटं टिकणाऱ्या. म्हणजे साडेसातचा २४ हा सुजेचा नव्हताच, तो कमी दाबाचा होता, आणि त्यावर दिलेल्या प्रोपोफॉलने दाब अजून पाडला. तिसरं मॅनिटॉल गेलं असतं तर तासाभरात अजून हजार मिली लघवी.

खूण दुपारीच दिसत होती. आयसीपीच्या प्रत्येक ठोक्याला तीन टेकड्या असतात, पहिली सगळ्यात उंच, मग दुसरी, मग तिसरी. मेंदूची लवचीकता संपत आली की दुसरी पहिलीच्या वर जाते. दुपारी ४ ला आकडा १७ होता, निवांत, आणि स्क्रीनवर दुसरी टेकडी पहिलीपेक्षा उंच. आकड्याकडे सगळे बघतात, त्याच्या शेजारी हलणाऱ्या रेषेकडे फार कमी लोक.

काय केलं ते क्रमाने. मॅनिटॉल थांबवलं. प्यूपिल मोठा झालेला म्हणून दोन-तीन मिनिटं अंबू बॅगने (हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीने) श्वास जलद केला. हो, तेच हायपरव्हेंटिलेशन ज्याला वर एवढी नावं ठेवली, पण मेंदू खाली सरकण्याच्या बेतात असेल तेव्हा पुढचा उपाय लागू होईपर्यंत काही मिनिटांसाठी ते हक्काचं आहे. त्याच वेळी बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन सुरू, आणि ३ टक्के सलाइनचे २५० मिली, जे पाणी पण भरतं आणि मेंदूतलं पाणी पण ओढतं, मागून साधं सलाइन ५०० मिली. डेक्स्ट्रोज नाही, अल्ब्युमिन पण नाही. ट्रान्सड्यूसर उचलून कानाशी लावला, झिरो केला. आता दिसणारं मॅप कानाचं, आणि ते ६० वरून ८४ ला आणलं.

दहा मिनिटांत आयसीपी ४१ वरून १९. सीपीपी ६५. प्यूपिल परत ३. मॅप २४ ने वाढलं आणि आयसीपी २२ ने उतरला. बीपी वाढवल्यावर डोक्यातला दाब कमी होतो हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही, सिस्टरने तर बोल्टची वायर निघाली का म्हणून तपासली. पण दाब मिळाल्यावर धमन्या आवळल्या, रक्त कमी झालं, जागा झाली. पहिल्या रात्री पण धमन्या आवळल्या होत्या आणि आयसीपी उतरला होता, फरक एवढाच की तेव्हा रक्त कमी करून आवळल्या, आता रक्त पुरेसं पोचलं म्हणून आवळल्या. मॉनिटरवर दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

मग कोणालाही वाटेल की हा उपाय सापडला, आता आयसीपी वाढला की नॉरअ‍ॅड वाढवा. सीपीपी ७० च्या बराच वर ढकलत राहायचं नाही हे आधीच ठरलेलं आहे, फ्लुइड आणि प्रेसर (बीपी चढवणारी औषधं) जास्त झाले की फुप्फुसं भरतात, एआरडीएस म्हणजे फुप्फुसांची गंभीर सूज होते. पण त्याहून मोठा धोका वेगळा होता आणि तो चौथ्या दिवशी समोर आला.

तिसरा दिवस बरा गेला, लिहिण्यासारखं काही नाही, सोडियम १४८, ताप ३७.८ च्या खाली ठेवला, फिट येऊ नये म्हणून औषध चालू होतं.

चौथ्या सकाळी परत २४. मान सरळ, पट्टी सैल, सीओटू ३७, पाणी बरोबर, कानाशी मॅप ८४, सीपीपी ६०. सगळं जागेवर. इथे मॅप चॅलेंज केली, म्हणजे मॅप मुद्दाम १० ने वाढवायचं, जास्तीत जास्त २० मिनिटं, बाकी काहीही बदलायचं नाही, आणि आयसीपी काय करतो ते बघायचं. सिएटलच्या २०१९ च्या कन्सेन्ससमध्ये, म्हणजे आयसीपीच्या उपचारांचे टप्पे ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या सहमतीत, ही दुसऱ्या टप्प्यात आहे. मॅप ९४ झालं, आयसीपी २४ वरून ३१. दहा दाब वाढवून सीपीपीत मिळाले तीन. नॉरअ‍ॅड लगेच मागे.

याचा अर्थ धमन्यांनी आता सांभाळणं सोडलं होतं. दाब वाढला तरी आवळत नाहीत, मुकाट पसरतात, आणि वाढवलेला प्रत्येक मिलिमीटर थेट आत जाऊन जागा खातो, शिवाय त्या दाबाने पाणी भिंतींतून झिरपून सूज वाढवतं. हेच सतत मोजायचं असेल तर केंब्रिजच्या गटाने १९९७ मध्ये पीआरएक्स नावाचा इंडेक्स दिला, मॅप आणि आयसीपी एकत्र वर-खाली होतात की उलट ते बघणारा, शून्याच्या खाली असेल तर धमन्या जाग्या, बराच वर गेला तर झोपलेल्या. त्याला कॉम्प्युटर लागतो. वीस मिनिटांच्या चॅलेंजला फक्त बेडशेजारी उभं राहणारा माणूस लागतो.

सीटी केला. कंट्युजन दुपटीच्या आसपास वाढलेलं, आजूबाजूला काळी सूज, शिफ्ट ९, सिस्टर्न दिसेनाशा. म्हणजे हा २४ खऱ्या अर्थाने जागेचा होता. सेडेशन खोल केलं, मसल रिलॅक्संट दिलं, ३ टक्के सलाइन परत दिलं, आणि तरी चार तास आयसीपी २७ ते ३१. मग न्यूरोसर्जन आणि नातेवाईक यांच्यात ते बोलणं झालं जे या केसमधलं सगळ्यात कठीण होतं, कवटीचा मोठा तुकडा काढायचा का. बायको एकच विचारत होती, "डॉक्टर, वाचतील ना?" आणि वाचण्याचं उत्तर तुलनेने सोपं होतं. २०१६ च्या रेस्क्यूआयसीपी ट्रायलमध्ये अशाच पेशंटमध्ये, २५ च्या वर तासन्‌तास राहिलेल्या, सहा महिन्यांनी मृत्यू ऑपरेशनवाल्यांत २६.९ टक्के आणि औषधांवरच्या लोकांत ४८.९. प्रचंड फरक. पण व्हेजिटेटिव्ह अवस्थेत (जिवंत, पण जाणीव नाही) राहिलेले ८.५ टक्के विरुद्ध २.१, आणि पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले पण जास्त. चांगले बरे झालेले दोन्हीकडे थोडेच. म्हणजे वाचलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या अवस्थेत वाचले हे त्याच वाक्यात सांगायला हवं, नंतर वेगळ्या भेटीत नाही. सर्जनने ते सांगितलं, सावकाश, दोनदा. घरच्यांनी अर्धा तास मागितला आणि हो म्हणाले.

उजव्या बाजूचा १२ गुणिले १५ सेंटीमीटरचा तुकडा काढला, ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) उघडून सैल शिवला. तुकडा लहान काढला तर सुजलेला मेंदू कडेला कापला जातो आणि दाब पण उतरत नाही, म्हणून मोठाच काढायचा. आयसीपी ११. त्यानंतर तो २० च्या वर गेला नाही, सहा दिवसांनी बोल्ट काढला.

बोल्ट असल्याने पेशंट बरा होतो का, हा प्रश्न अधूनमधून येतो, आणि २०१२ मध्ये बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या ३२४ पेशंटवर झालेल्या ट्रायलचं उत्तर लोकांना आवडलं नव्हतं. एका गटात आयसीपी मोजून उपचार, दुसऱ्यात वारंवार सीटी आणि तपासणी करून, निकाल सारखाच. यावरून बोल्ट बिनकामाचा असं काहींनी काढलं. मला ते तसं वाटत नाही. तिथे दोन्हीकडे पेशंटकडे बारकाईने बघणारी माणसं होती, आणि एका आकड्याला एकच ठरलेलं औषध असं चालवलं तर मोजण्याचा फायदा मोजण्यातच संपतो. या केसमध्ये तिसऱ्या मॅनिटॉलची ऑर्डर लिहून तयार होती आणि ती बोल्टमुळेच लिहिली गेली होती.

सहा महिन्यांनी तो चालतो, डावा हात थोडा अशक्त, स्वतःचं सगळं स्वतः करतो, नाव-गाव-मुलं सगळं आठवतं, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. चिडचिड वाढलीये असं बायको सांगते. जुन्या कामावर परत गेला नाही. हाड तीन महिन्यांनी परत बसवलं. एमआरआयमध्ये उजवीकडे कंट्युजनची पोकळी आहे, ती अपेक्षितच, पण त्यापासून दूर, दोन मोठ्या धमन्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवर, दोन्ही बाजूंना बारीक जुने इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेले भाग) दिसतात. प्रवाह कमी पडला की आधी मार बसतो तो याच सीमेवर. ते पहिल्या रात्रीच्या सीओटू २७ चे, दुसऱ्या संध्याकाळच्या १९ सीपीपीचे, की रस्त्यावर पडल्यापासून अँब्युलन्स येईपर्यंतचे, हे आता कुठलाही स्कॅन सांगू शकत नाही.